वेलांटीपुरता निळा पट्टा

किहीम हा शब्द मराठी वाचकाच्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या पोटात मात्र तो पाच तुकड्यांत साठवलेला असतो: क, पहिली वेलांटी, ह, दुसरी वेलांटी आणि म. त्यातही पहिली वेलांटी कागदावर क च्या आधी दिसते आणि साठवणीत क च्या नंतर येते. अलिबाग तालुक्यातल्या या गावाचे नाव एखाद्या दस्तात टाईप केले आणि त्यावरून माऊस ओढला की शब्दामागे निळा पट्टा उमटतो. तो पट्टा तीन अक्षरांवर पडतो की पाच तुकड्यांवर, हा प्रश्न वरवर संगणकवाल्यांचा वाटेल. पण मराठीत रोज लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि छापणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याशी कर्तव्य आहे.

कारण तो पट्टा ही एक हमी असते. जेवढे रंगले तेवढ्यावरच पुढची आज्ञा चालेल, एक खूणही कमी नाही की जास्त नाही, असे यंत्र त्या पट्ट्यातून माणसाला सांगत असते. पुसा, कापा, ठळक करा, दुसरीकडे डकवा. या सगळ्या आज्ञा त्या एका हमीवर उभ्या आहेत. मराठी मजकुराच्या बाबतीत ही हमी आजही अर्धवटच पाळली जाते. दोष देवनागरीचा नाही, अवजारांचा आहे, आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे.

ही हमी संगणकाबरोबर आपोआप आलेली नाही. ती घडवावी लागली. १९७४ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो नावाचा एडिटर तयार केला. पडद्यावर मजकूर छापल्यासारखा दिसावा, ही त्याची मोठी झेप. पण त्यात आज्ञा देण्याची अवस्था वेगळी आणि मजकूर लिहिण्याची अवस्था वेगळी होती. त्याचा एक किस्सा संगणकाच्या जगात अजून सांगितला जातो. आपण लिहिण्याच्या अवस्थेत आहोत अशा समजुतीने कोणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाईप केला, तर यंत्र त्यातले प्रत्येक अक्षर आज्ञा म्हणून घेई. ई म्हणजे सगळा मजकूर निवडा, डी म्हणजे पुसा, आय म्हणजे नवे लिहायला घ्या. उरलेला टी तेवढा कागदावर उमटे. सगळे लेखन गेले आणि जागेवर एक अक्षर राहिले. सगळा मजकूर निवडला गेला होता, पण ते दिसून माणसाने हात आवरावा इतका अवधीच मध्ये नव्हता.

त्याच केंद्रातल्या लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी पुढे जिप्सी नावाचा एडिटर केला. तो गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेसाठी होता, म्हणून ते दोघे आधी तिथले संपादक कागदावर कसे काम करतात ते पाहून आले. कात्री, डिंक आणि पेन्सिल घेऊन बसणाऱ्या त्या माणसांकडून आजची कापण्या-डकवण्याची रीत पडद्यावर आली. माऊस ओढून मजकूर निवडणे आणि दोनदा टिचकी मारून एक शब्द निवडणे याही गोष्टी जिप्सीने रुळवल्या. टेसलर पुढे ॲपलमध्ये गेले आणि लिसा संगणकाच्या कामात होते. यंत्राच्या अवस्था माणसाने डोक्यात ठेवाव्यात ही अपेक्षाच त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या मोटारीच्या पाटीवरसुद्धा ‘नो मोड्स’ असे लिहिलेले असे. फेब्रुवारी २०२० मध्ये ते वारले.

तरी ही गोष्ट सगळीकडे लगेच पटली नाही. इमॅक्स या जुन्या आणि ताकदवान एडिटरमध्ये निवडलेला भाग आपोआप रंगवून दाखवण्याची सोय मूळ मांडणीत आली ती २००९ साली, तेविसाव्या आवृत्तीत. तोवर तो भाग कुठून कुठवर आहे हे वापरणाऱ्याने ध्यानात ठेवायचे. व्हीआय या एडिटरमध्ये आज्ञा आधी द्यायची आणि ती कशावर चालवायची ते नंतर सांगायचे, असा क्रम होता. पुढे विम या एडिटरने त्यात निवड रंगवून दाखवणारी अवस्था घातली, आणि काकून, हेलिक्स या अलीकडच्या एडिटरांनी क्रमच उलटा केला. आधी निवड दाखवायची, मग आज्ञा घ्यायची. हा क्रम निसर्गालाही परका नाही. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी १९३० साली किहीममध्येच सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला आणि तो पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात दिसते की नर घरटे अर्धे विणून थांबतो, मादी आत शिरून ते पारखते, आणि तिने पसंत केले तरच नर पुढची नळी विणून ते पुरे करतो. पारख आधी, काम नंतर.

आता मराठीकडे. पडद्याच्या कितीतरी आधी मराठी छापखान्यांत निवडीची एक उत्तम पद्धत होती, आणि तिचे नाव मुद्रितशोधन. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची ख्याती होती ती सुबक टाइपाची आणि शुद्ध छपाईची. शुद्धता म्हणजे एकेका काना-मात्रेवर नजर. मुद्रितशोधक ओल्या शाईचे प्रूफ समोर घेई, लाल लेखणीने चूक असेल तिथेच खूण करी आणि समासात दुरुस्ती लिही. ‘किहिम’ असे जुळले असेल, तर तो सगळा शब्द काटत नसे, ‘हि’ हे सगळे अक्षरही काटत नसे. तो फक्त वेलांटीभोवती गोल काढी. खिळे जुळवणाऱ्याला त्यातून नेमके कळे की ह बरोबर आहे, वेलांटी तेवढी बदलायची. डोळा, लेखणी आणि दुरुस्ती तिघांचे माप एकच होते.

पडद्यावर हे माप हरवले, आणि दोनदा हरवले.

पहिल्यांदा ते हरवले डीटीपीच्या काळात. श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकच्या आयएसएम मधले सुरेख यांसारख्या फॉन्टांनी मराठी छपाई संगणकावर आणली आणि हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण त्या व्यवस्थेत संगणकाला मराठी ठाऊकच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली होती. कृतिदेवमध्ये किहीम लिहायचे तर इंग्रजी एफ, डी, जी, एच, ई ही कळांची रांग. टाइपरायटरवर जशी वेलांटी आधी आणि क नंतर, तशीच इथेही. या व्यवस्थेत निळा पट्टा एका चित्रावर पडे, अक्षरावर नव्हे. एकटी वेलांटी निवडता येई, ही तिची सोय. पण अर्धा श निवडला, त्याचा दांडा बाहेर राहिला, आणि पुसल्यावर ओळीत एक अनाथ दांडा उभा राहिला, हाही रोजचाच अनुभव. अलिबागच्या कोर्टाच्या किंवा दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आसपास खरेदीखते टाईप करून देणाऱ्या कोणत्याही जुन्या टायपिस्टला असे अनाथ दांडे ओळखता येतील.

त्या काळाचे भूत अजून गेलेले नाही. जुन्या फॉन्टात तयार झालेली एखादी पीडीएफ उघडावी, त्यात किहीम या शब्दावर माऊस ओढावा, पट्टा अगदी शब्दापुरता, नीट, निळा उमटतो. मग तो शब्द कॉपी करून दुसरीकडे डकवावा, तर उमटतो त्या पाच इंग्रजी अक्षरांचा चोथा. ज्या शब्दाभोवती पट्टा दिसला तो शब्द त्या फाइलमध्ये नव्हताच, तिथे फक्त त्याचे चित्र होते. निवडीच्या हमीचा याहून मोठा भंग नसेल, कारण इथे सगळे बरोबर दिसते. जुने आदेश, जाहिराती, संस्थांच्या स्मरणिका अशा फाइलींत अडकून पडल्या आहेत, आणि त्यांत शोध घेणाऱ्याला काहीच सापडत नाही.

यातून बाहेर पडण्याची वाट भारतातच आखली गेली होती. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर झालेल्या कामातून जिस्ट तंत्रज्ञान उभे राहिले, मोहन तांबे हे त्यातले एक प्रमुख नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे वाढले. इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने स्वीकारली. तिचे मुख्य तत्त्व असे की मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवायचा. आधी क, मग वेलांटी. ती डावीकडे काढायची हे काम पडद्याचे. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतली. मराठीला यातून शोध, वर्णानुक्रम, भाषांतर, वाचून दाखवणारी यंत्रे हे सगळे मिळाले. हा निर्णय योग्यच होता आणि त्यावर आज शंका घेण्याचे कारण नाही.

पण निवडीचे माप दुसऱ्यांदा हरवले ते इथे. साठवण तुकड्यांची आणि दर्शन अक्षरांचे, मग पट्टा कोणाच्या मापाने काढायचा?

‘क्षेत्र’ हा शब्द घ्यावा. किहीम, आवास, सासवणे, थळ या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार सतत चालतात आणि सातबाऱ्यावर हा शब्द असतोच. वाचकाला त्यात दोन अक्षरे दिसतात: क्षे आणि त्र. संगणकात ते सात तुकडे असतात: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. मजकुराचे तुकडे वाचकाच्या दृष्टीने कसे पाडावेत याचे नियम युनिकोड प्रसिद्ध करते. जुन्या नियमाप्रमाणे या शब्दाचे चार भाग पडत, कारण हलन्ताशी येऊन नियम थांबे. परिणामी क्ष च्या बरोबर मध्ये कर्सर उभा राही आणि पट्टा अर्ध्या क्ष वर पडे. क्ष चा डावा अर्धा भाग म्हणजे काही क नव्हे. त्या जोडाक्षरात क आणि ष दोघेही विरघळलेले आहेत. तरी पडदा खुशाल चित्राची रुंदी अर्धी करून तेवढ्याला निळे करी. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये हा नियम सुधारला. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांत व्यंजन, हलन्त आणि पुढचे व्यंजन यांना एकत्र धरायचे ठरले, आणि क्षेत्र चे दोन भाग झाले. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. प्राथमिक शाळेतले मूल ज्याला एक अक्षर म्हणते त्याला एक मानायला प्रमाण नियमाने ३२ वर्षे घेतली. आणि नियम आला म्हणजे तो प्रत्येक ॲपमध्ये उतरला असे नव्हे. एकाच संगणकावर एका खिडकीत क्षे अखंड निवडला जातो आणि शेजारच्या खिडकीत दुभंगतो, असे आजही घडू शकते.

दुसरी अडचण उलट्या बाजूची आहे. अक्षर अखंड निवडले जाऊ लागले की वेलांटी हाताबाहेर जाते. ‘किहिम’ मधल्या हि ची पहिली वेलांटी काढून दुसरी द्यायची आहे. मुद्रितशोधकाच्या लेखणीला जे जमत होते ते माऊसला जमत नाही. पट्टा सबंध हि वर पडतो. जाणकार टायपिस्ट मग कर्सर हि च्या नंतर ठेवतो आणि बॅकस्पेस दाबतो. बहुतेक ठिकाणी त्या कळीने फक्त वेलांटी जाते, ह राहतो. मग दुसरी वेलांटी द्यायची. पण तोच माणूस कर्सर हि च्या आधी ठेवून डिलीट दाबतो तेव्हा बहुतेक ठिकाणी सबंध अक्षर जाते. एक कळ तुकडा खाते, दुसरी अक्षर खाते. काही कच्च्या एडिटरांत डिलीटने नुसता ह जातो आणि वेलांटी मागे राहते. अशा निराधार वेलांटीपाशी ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटते. ते वर्तुळ पाहून पुष्कळांना फाइल बिघडली असे वाटते. खरे तर ते फार प्रामाणिक वर्तुळ आहे: इथे एक खूण आहे आणि तिला आधाराचे व्यंजन नाही, हे ते उघड सांगते. पडद्याने माणसाला खरी स्थिती दाखवावी कशी, याचा तो एक चांगला नमुना आहे. फक्त तो चूक होऊन गेल्यावर दिसतो. चूक होण्याआधी, कळ दाबण्यापूर्वी, नेमके काय जाणार आहे हे दाखवणारी खूण बहुतेक एडिटरांत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. देवनागरीत अक्षर हेच एकक आहे, बाराखडी तशीच शिकवली जाते, मग वेलांटी वेगळी निवडू दिली तर नवशिक्याचा गोंधळ उडेल, असे काही जण म्हणतात. पहिल्या पायरीवर हे मान्य करायलाच हवे. बाणाची कळ अक्षरागणिक पुढे जावी, माऊसने अक्षर अखंड निवडावे, हीच मूळ मांडणी योग्य. पण त्या एककाच्या आत शिरण्याची दुसरी पायरी असू नये, हे कशावरून? मराठी शुद्धलेखनाच्या कितीतरी चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या असतात, म्हणजे अक्षराच्या आतल्या असतात. बॅकस्पेस अक्षराच्या आत शिरतेच, मग पट्ट्याने का शिरू नये? एखादी जोड-कळ दाबली की अक्षर उकलावे आणि वेलांटी तेवढी रंगावी. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. कि मधली वेलांटी ही फॉन्टात स्वतंत्र आकृती असते आणि कोणती आकृती कोणत्या तुकड्यातून आली याची नोंद अक्षरे जुळवणारे इंजिन ठेवू शकते. क्ष सारख्या एकजीव जोडाक्षरात आकृतीचे भाग पाडता येत नाहीत. तिथे शेजारी छोट्या चौकटीत क, हलन्त, ष असे सुटे दाखवून त्यातला निवडलेला भाग रंगवता येईल. अर्ध्या चित्राला निळे करण्यापेक्षा ते कितीतरी खरे होईल.

यंत्राला जमत नाही म्हणून लिपीच बदलावी, हा मार्गही एकदा चोखाळून झाला आहे. १९५३ साली लखनौला झालेल्या लिपी-परिषदेत ऱ्हस्व इकाराची वेलांटी डावीकडून उजवीकडे आणावी आणि दीर्घापासून वेगळी कळावी म्हणून तिचा दांडा तोकडा करावा, असे ठरले होते. टाइपरायटर आणि छपाईची सोय हे त्यामागचे एक कारण. लोकांच्या हाताने आणि डोळ्याने ते स्वीकारले नाही. वेलांटी डावीकडेच राहिली आणि शेवटी यंत्रालाच ती डावीकडे काढायला शिकावे लागले. निवडीच्या पट्ट्याचेही तसेच व्हायला हवे.

शब्दाच्या पातळीवर आणखी एक प्रश्न आहे, आणि तो निव्वळ लिपीचा नाही, मराठीच्या घडणीचा आहे. दोनदा टिचकी मारली की शब्द निवडला जातो, ही जिप्सीपासूनची रीत इंग्रजीच्या मापाने बेतलेली आहे. तिथे गावाचे नाव एकटे उभे असते आणि संबंध दाखवणारा शब्द बाजूला असतो. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नावालाच चिकटतात: किहीमला, किहीमच्या, किहीमपासून, किहीमकरांसाठी. टिचकी मारली की हे सगळे एकदम निळे होते. जुन्या खरेदीखताची फाइल उघडून त्यात नवे गाव घालणाऱ्या टायपिस्टला ‘किहीमच्या’ मधला फक्त किहीम हवा असतो, पट्टा त्याला च्या सकट देतो. तो त्यावर नवे नाव टाईप करतो आणि च्या गळून जातो. सगळीकडे एकदम बदल करण्याची आज्ञा दिली तरी सुटका नाही, कारण नाव बदलले की सामान्यरूप बदलते. किहीमच्या जागी मांडवा घालायचा तर ‘किहीमला’ चे ‘मांडवाला’ होऊन चालत नाही, ‘मांडव्याला’ व्हावे लागते. सासवणे घातले तर ‘सासवण्याला’. मराठी जाणणाऱ्या एडिटरने पहिल्या टिचकीत मूळ नाव आणि दुसऱ्या टिचकीत प्रत्ययासह सबंध शब्द, अशा दोन पायऱ्या दोन छटांत दाखवाव्यात. मराठी व्याकरणाचा हा भाग शाळेच्या पुस्तकात आहे. तो एडिटरात उतरवणे एवढेच बाकी आहे.

दस्तातल्या आकड्यांचेही हेच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिले जाते. समजा जुन्या फाइलीत ०.१२.५० आहे आणि घाईत शेवटचे शून्य पट्ट्याबाहेर राहिले. त्यावर ०.०८.२० टाईप केले की कागदावर ०.०८.२०० उरते. फिकट पट्टा, बारीक टाईप, पाठीमागे उभा असलेला पक्षकार. एवढे पुरे असते.

काही गोष्टी तर पट्ट्यात आल्या तरी दिसत नाहीत. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द कोकणातल्या लिहिणाऱ्याला दिवसातून दहादा लागतो. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो. एक म्हणजे त्यासाठी असलेले ऱ हे वेगळे अक्षर आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब एकसारखे. दोन्हींवर पट्टा सारखाच पडतो, त्या अदृश्य चिन्हाला रुंदीच नसते. पण साध्या शोधात एक टाकला तर दुसरा सापडत नाही. एकाच गावाच्या नोंदी दोन टायपिस्टांनी दोन रीतींनी केल्या असतील, तर आडनाव एक असून यादी दोन होतात. वर्डसारख्या प्रणालीत रिकाम्या जागा आणि परिच्छेदखुणा दाखवण्याची कळ असते, तशी मराठीची अदृश्य चिन्हे दाखवणारी सोय मराठी मजकुरासाठी मूळ मांडणीतच असायला हवी.

फोनवर हे सगळे अधिक बिकट होते, कारण निवडणारे बोटच मजकूर झाकते. आयफोन २००७ मध्ये आला आणि त्यात कॉपी-पेस्ट आले ते २००९ मध्ये. बोटाखालचा मजकूर मोठा करून दाखवणारे भिंग ॲपलने २०१९ च्या आवृत्तीत काढून टाकले आणि २०२१ मध्ये परत आणले. भिंगाची गरज कोणाला जास्त असेल तर ती देवनागरीला. रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर, उकार खाली. बोटाच्या टोकाखाली ‘गुरु’ आणि ‘गुरू’ यांतला फरक उरत नाही. ओळींमधले अंतर कमी ठेवलेल्या काही ॲपांत तर निळा पट्टाच वरच्या ओळीचा उकार झाकून टाकतो.

आणि ऊन. किहीमच्या किनाऱ्यालगत घरगुती जेवण आणि राहण्याची सोय करणाऱ्यांचा बराचसा व्यवहार आता फोनवर चालतो. सुरमई थाळीचे दर, खोलीचे भाडे, मांडव्याहून येण्याचा रस्ता, सगळे मराठीत टाईप करून पाठवायचे. दुपारी बारा वाजता अंगणात उभे राहून कालचा निरोप निवडायचा, त्यातला दर बदलायचा. पांढऱ्यावर फिकट निळा पट्टा त्या उजेडात दिसतच नाही. वेबवरील सुगमतेचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ इतका फरक मागतात. तो फरक पट्टा पडल्यावरही टिकायला हवा, आणि पट्टा व साधी पार्श्वभूमी यांतही डोळ्यांना सहज कळेल एवढे अंतर हवे. नुसत्या रंगावर विसंबू नये, कडेला बारीक रेघही द्यावी, म्हणजे रंग नीट न ओळखणाऱ्या माणसालाही पट्टा कुठे सुरू आणि कुठे संपतो ते कळेल. कॉपी झाल्यावर पट्टा क्षणभर चमकावा, ही छोटी सोय निओविम या एडिटरमध्ये काही ओळींत चालू करता येते. ती नसल्यामुळे लोक एकच कळ तीन-तीनदा दाबतात.

यातले काहीही मराठीने आपले वळण सोडून मिळवायचे नाही. सरकारी कार्यालये, विद्यापीठे, वृत्तपत्रे आणि प्रकाशनसंस्था मराठीसाठी एडिटर किंवा ॲप घेताना फॉन्ट किती आणि कळफलक कोणता एवढेच विचारतात. त्यांनी ‘क्षेत्र’, ‘किनाऱ्यावर’ आणि ‘सासवण्याला’ हे तीन शब्द टाईप करून, निवडून, पुसून आणि डकवून पाहावेत, आणि जिथे पट्टा एक सांगतो व कळ दुसरेच करते ते साधन परत पाठवावे. टंकलेखनाच्या परीक्षांत वेगाबरोबर दुरुस्तीचेही माप घ्यावे, म्हणजे ही अडचण शिक्षकांच्या नजरेत येईल. ज्यांना थोडेफार तंत्र कळते त्यांनी मुक्त-स्रोत एडिटरांच्या प्रकल्पांकडे मराठी उदाहरण आणि पडद्याचे चित्र जोडून तक्रार नोंदवावी. अशी नोंद करायला पैसे लागत नाहीत, प्रोग्रामिंग यावे लागत नाही, आणि पलीकडे काम करणाऱ्या अनेकांनी कि हे अक्षर कधी हाताने लिहिलेले नसते, म्हणून मराठी माणसाने सांगितल्याशिवाय त्यांना ही चूक कळणार नाही.